कोपरामागचे पुस्तक

हिवतापावरच्या आजच्या सर्वांत प्रभावी औषधाची गोष्ट सांगताना सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका चिनी पुस्तकाचे नाव हमखास निघते. त्या पुस्तकातली एक ओळ वाचून शास्त्रज्ञांना औषध सापडले, २०१५ मध्ये त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, एवढे बहुतेकांनी वाचलेले असते. ती ओळ ज्याने लिहिली त्या माणसाबद्दल मात्र क्वचितच कोणी सांगते. त्या ओळीच्या वर आणि खाली काय लिहिले होते, हे तर त्याहूनही क्वचित. पारंपरिक औषधांबद्दल आपल्याकडे जो वाद नेहमी चालतो, त्याचे उत्तर खरे तर तिथेच आहे.

त्या माणसाचे नाव गे होंग. पुस्तकाच्या नावाचा अर्थ साधारण असा, की कोपरामागे ठेवायचे तातडीच्या उपचारांचे पुस्तक. त्या काळी चीनमध्ये लांब, रुंद बाह्यांचे अंगरखे असत आणि लहानसहान वस्तू बाहीत कोपराच्या मागच्या बाजूला ठेवत. आज आपण खिशातले पुस्तक म्हणतो, तसेच हे. आजीबाईचा बटवाच म्हणा, फक्त कागदावर उतरवलेला.

लाकडे विकून घेतलेला कागद

गे होंगचा जन्म इ.स. २८३ च्या सुमारास यांगत्से नदीच्या दक्षिणेला जुरोंग या गावी झाला. हे गाव आजच्या नानजिंग शहराजवळ आहे. घराणे पिढीजात अधिकाऱ्यांचे होते. आजोबा वू राज्याच्या दरबारात मोठ्या पदावर होते. २८० मध्ये उत्तरेकडच्या जिन घराण्याने वू राज्य जिंकले. त्यानंतर वडिलांनी नव्या राजवटीतही प्रांताधिकारी म्हणून काम केले. गे होंग हा तिसरा मुलगा. तो तेरा वर्षांचा असताना वडील वारले आणि घराची घडी विस्कटली. लढाया आणि जाळपोळीत घरातली पिढ्यान्‌पिढ्यांची पुस्तके नष्ट झाली.

पुढची हकिकत त्याने स्वतःच्या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. शेतीची कामे करायची, रानातून लाकूडफाटा तोडून आणून विकायचा आणि त्या पैशातून कागद आणि कुंचला विकत घ्यायचा. पुस्तके नव्हती, म्हणून ज्यांच्याकडे असतील त्यांच्याकडे पायी जायचे, मागून आणायची आणि उतरवून काढायची. कागद महाग, त्यामुळे एकाच कागदावर इतक्या वेळा लिहायचे की दुसऱ्या कोणाला ते वाचताच येऊ नये. बोलण्यात तो मंद होता, दिसायला साधा, कपडे जुने. दाराशी गवत माजले तर ते बाजूला सारून बाहेर पडायचे, इतकी घराची अवस्था. हे सगळे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलेले नाही, पण औषधाची किंमत हा प्रश्न पुढे त्याच्या मनात इतका ठळक का राहिला, हे यातून समजते.

त्याचा एक चुलत आजोबा, गे श्वान, त्या काळचा नावाजलेला किमयागार होता. त्याच्या शिष्याकडे, झेंग यिन नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या गुरूकडे, गे होंग शिकायला राहिला. पन्नासएक शिष्य होते. हा सर्वांत लहानांपैकी आणि अंगाने किरकोळ. कष्टाची कामे जमत नसल्यामुळे झाडलोट करणे, शाई उगाळणे, दिवा धरणे आणि पोथ्यांच्या नकला करणे ही कामे त्याच्याकडे आली. नकला करता करता तो शिकला. किमयेच्या गुप्त पोथ्या गुरूने त्याच्या हाती दिल्या.

३०३ मध्ये त्या भागात शी बिंग नावाच्या माणसाने बंड केले. विशीतल्या गे होंगला काही शे माणसे गोळा करून लढायला जावे लागले. त्याची तुकडी जिंकली आणि त्याला सेनापतीचा किताब मिळाला. बक्षीस म्हणून मिळालेले कापड त्याने सैनिकांत आणि गरीब मित्रांत वाटून टाकले. लढाई संपताच शस्त्रे ठेवली आणि दुर्मीळ पुस्तकांच्या शोधात राजधानी लोयांगकडे निघाला. पण राजघराण्यातले आठ राजपुत्र सिंहासनासाठी आपापसांत लढत होते. रस्ते बंद होते. पुढे ३११ मध्ये तर लोयांगच शत्रूच्या हाती पडले.

उत्तरेकडची वाट बंद झाली, म्हणून तो दक्षिणेला वळला. एका परिचिताची ग्वांगझोउच्या राज्यपालपदी नेमणूक झाली होती, त्याच्याबरोबर काम करण्यासाठी तो गेला. तो परिचित पदावर रुजू होण्याआधीच मारला गेला. गे होंग मात्र काही वर्षे दक्षिणेतच राहिला. हा योगायोग वैद्यकाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. दक्षिण चीन म्हणजे उष्ण, दमट, पाणथळ मुलूख. उत्तरेकडून आलेली माणसे तिथे तापाने मरत. ज्या तापांबद्दल राजधानीतल्या वैद्यांनी फक्त ऐकलेले असे, ते ताप गे होंगच्या भोवताली होते.

तिथेच त्याची गाठ बाओ जिंग या अधिकाऱ्याशी पडली आणि त्याच्या मुलीशी गे होंगचे लग्न झाले. बाओ गू या नावाने ती चिनी वैद्यकात आजही ओळखली जाते. वाळलेल्या वनस्पतीच्या कापसासारख्या लगद्याची छोटी गोळी त्वचेजवळ किंवा त्वचेवर जाळून शेक द्यायचा, या पद्धतीत ती तरबेज होती असे परंपरा सांगते. शेकण्याची ही वनस्पती म्हणजे आर्टेमिसिया प्रजातीतले एक झाड. आपल्याकडे चैत्रात देवाला वाहतात तो सुगंधी दवणा याच प्रजातीतला. आणि ज्या झाडाची ही गोष्ट आहे तेही.

गरिबाला परवडेल असे

३१४ च्या सुमारास गे होंग गावी परतला. ३१७ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ पुरा झाला. त्याचा अर्धा भाग किमया आणि दीर्घायुष्य यांवर आहे, अर्धा समाज आणि राज्यकारभार यांवर. चीनच्या इतिहासात तो मुख्यतः या ग्रंथासाठीच ओळखला जातो. वैद्यकावर त्याने आधी शंभर भागांचा प्रचंड संग्रह केला होता. तो हरवला. राहिले ते त्यातून निवडून काढलेले छोटे पुस्तक, कोपरामागचे.

या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने मांडलेली भूमिका सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल. आधीच्या वैद्यांनी तातडीच्या उपचारांची पुस्तके लिहिली, पण त्यांत सांगितलेली औषधे महाग आणि दुर्मीळ, अशी त्याची तक्रार होती. खेड्यातल्या गरीब घरात रात्री कोणी अत्यवस्थ झाले तर ती आणायची कुठून? म्हणून त्याने शक्यतो कुंपणाशी, बांधावर, स्वयंपाकघरात मिळतील अशी औषधे निवडली आणि विकत घ्यावीच लागली तर स्वस्तातली सांगितली. सुया टोचण्याची विद्या शिकलेल्या माणसालाच येते, म्हणून तिच्याऐवजी शेक सांगितला. शेकण्याच्या जागाही शास्त्रीय नावांनी सांगितल्या नाहीत. शरीराच्या अमुक भागापासून इतक्या अंतरावर, असे मोजून सांगितले, म्हणजे अक्षर ओळखणाऱ्या कोणालाही त्या सापडाव्यात.

निरीक्षणाची त्याची ताकद काही ठिकाणी थक्क करते. दक्षिणेत वाळूत आणि पाण्यात एक अतिसूक्ष्म किडा असतो, तो त्वचेत शिरतो, तिथे बारीक लाल ठिपका दिसतो आणि काही दिवसांत जोराचा ताप येतो, असे वर्णन या पुस्तकात आहे. बाहेरून आल्यावर अंग तपासून किडा टोकदार वस्तूने काढून टाकावा, असा सल्लाही आहे. आज ज्याला आपण स्क्रब टायफस म्हणतो, त्याचे हे अगदी जुने वर्णन मानले जाते. २०१८ मध्ये विदर्भात या आजाराने माणसे दगावली तेव्हा आम्हा डॉक्टरांनाही गवतात फिरून आलेल्या रुग्णाच्या अंगावरची ती छोटी काळी खपली शोधायची सवय नव्याने लावून घ्यावी लागली. देवीसारख्या आजाराचे एक जुने वर्णनही याच पुस्तकात सापडते. ते गे होंगचे की त्याच्यानंतर भर घालणाऱ्यांचे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. इ.स. ५०० च्या सुमारास ताओ होंगजिंग याने पुस्तकात भर घालून १०१ प्रकरणे केली आणि ११४४ मध्ये यांग योंगदाओ याने आणखी मजकूर जोडला. आज जे हाती आहे ते या सगळ्यांचे मिळून.

पण प्रत्येक पान असे नाही. पिसाळलेला कुत्रा चावला तर त्याच कुत्र्याला मारून त्याचा मेंदू जखमेवर लावावा, असाही उपाय त्यात आहे. काही जण याला रेबीजच्या लशीची सुरुवात म्हणतात. मला हे पटत नाही. पाश्चरने विषाणू वाळवून दुर्बळ केला होता आणि तो ठरावीक क्रमाने टोचला होता. जखमेवर ताजा मेंदू लावणे म्हणजे जिवंत विषाणू आणखी घालणे. जुन्या ग्रंथातली एक गोष्ट खरी निघाली म्हणून शेजारची गोष्टही खरी ठरत नाही.

हिवतापाचे प्रकरण

आता त्या प्रसिद्ध ओळीकडे येऊ. पुस्तकाचे सोळावे प्रकरण थंडी वाजून येणाऱ्या, पाळीच्या तापांवर आहे. आपल्या आयुर्वेदात ज्याला विषमज्वर म्हणतात, एक दिवसाआड किंवा दोन दिवसांआड येणारा, तोच हा ताप. या प्रकरणात एक-दोन नव्हे, कितीतरी उपाय एकाखाली एक दिले आहेत. एका ठिकाणी लाकडाखाली सापडणारे किडे आंबवलेल्या सोयाबीनबरोबर कुटून गोळ्या करायच्या आहेत. एका ठिकाणी एकपाकळी लसूण निखाऱ्यावर भाजून चूर्ण घ्यायचे आहे. एका ठिकाणी मोठा कोळी भातात घालून गिळायचा आहे. एका ठिकाणी दाणा फोडून त्याच्या एका अर्ध्यावर सूर्य आणि दुसऱ्यावर चंद्र असे अक्षर लिहून दोन्ही गिळायचे आहेत. अनेक उपायांत छांगशान नावाच्या झाडाचे मूळ आहे. आणि या सगळ्यांच्या गर्दीत छिंगहाव या झाडाचा उपाय आहे. मूठभर झाड अर्ध्या लिटरपेक्षा कमी पाण्यात भिजत घालायचे, पिळायचे आणि निघालेला रस एका वेळी पिऊन संपवायचा. त्यात विस्तव कुठेच नाही. उकळायचे नाही, आटवायचे नाही.

लेखकाच्या दृष्टीने हे सगळे उपाय एकाच पंगतीतले होते. सूर्य-चंद्राचा दाणा आणि छिंगहावचा रस यांत त्याने डावे-उजवे केले नाही. यात त्याची लबाडी नव्हती. हिवताप हा आजारच फसवा आहे. ताप चढतो, रुग्ण थरथरतो, काही तासांनी घाम फुटून ताप उतरतो आणि पुढच्या पाळीपर्यंत माणूस बरा दिसतो. मधल्या वेळात काहीही दिले तरी श्रेय त्यालाच मिळते. शिवाय हिवतापाच्या मुलखात वाढलेल्या मोठ्या माणसांच्या शरीरात थोडीफार प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. त्यांतले काही जण औषधाशिवायही त्या वेळेपुरते बरे होतात. जे मेले ते सांगायला येत नाहीत, जे वाचले ते दाण्याचे गुण गातात. तुलना केल्याशिवाय या चक्रातून सुटका नाही आणि तुलना करण्याची पद्धत त्या काळी जगात कुठेच नव्हती.

याच यादीतले छांगशानचे मूळ पाहा. १९४० च्या दशकात युद्धामुळे क्विनीन मिळेनासे झाले तेव्हा चिनी शास्त्रज्ञांनी ते तपासले. हिवतापाच्या जंतूंवर ते खरोखर काम करत होते. पण उलट्या इतक्या व्हायच्या की औषध म्हणून ते टिकले नाही. म्हणजे एकाच पानावर निरुपयोगी उपाय होते, उपयोगी पण सोसवत नाही असा उपाय होता आणि एक खरे रत्न होते. रत्न कोणते, हे पान वाचून कळण्याची सोय नव्हती.

गुहेतले शेवटचे दिवस

उतारवयात गे होंगला अमरत्वाचे रसायन बनवायचे होते. त्यासाठी हिंगूळ हवा. आजच्या उत्तर व्हिएतनामकडच्या भागात चांगला हिंगूळ मिळतो असे ऐकून त्याने तिथल्या एका लहानशा ठिकाणचे अधिकारीपद मागून घेतले. त्याच्या योग्यतेच्या माणसाने इतके किरकोळ पद मागावे याचे दरबाराला नवल वाटले. कुटुंबासह निघाला, पण वाटेत ग्वांगझोउच्या राज्यपालाने, देंग युए याने, त्याला पुढे जाऊ दिले नाही. मग तो जवळच्या लोफू पर्वतावर राहिला. तिथे भट्ट्या लावल्या, लिहीत राहिला आणि तिथेच वारला. मृत्यूचे साल बहुतेक ३४३ धरतात. जुन्या इतिहासग्रंथात मात्र त्याचे वय ८१ दिले आहे. मृत्यूनंतर त्याचा देह रिकाम्या कपड्यांइतका हलका झाला होता, अशी दंतकथा पुढे रचली गेली.

हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा गंधकाबरोबरचा संयुग. ज्या माणसाने गरिबांसाठी बांधावरची औषधे गोळा केली, त्यालाच सर्वांत मोलाचे औषध वाटत होते ते पारा आणि सोने यांचे रसायन. पुढच्या शतकांत अशी रसायने घेऊन तांग घराण्याच्या काही सम्राटांनी प्राण गमावले. ज्याला त्याने आयुष्यभर श्रेष्ठ मानले ते विष निघाले. प्रकरणाच्या गर्दीत एका ओळीत उरकलेला झाडाचा रस लाखोंचे प्राण वाचवून गेला.

मधली सोळाशे वर्षे

ती ओळ लिहिली गेल्यावर छिंगहाव चीनमधून हिवताप घालवू शकले नाही. कारणे समजून घेण्यासारखी आहेत. एक म्हणजे नावाचा घोळ. छिंगहाव या नावाने एकाहून अधिक झाडे ओळखली जात. अकराव्या शतकातल्या शेन ग्वा याने दोन प्रकारांची नोंद केली. सोळाव्या शतकातल्या ली शिझेन याने आपल्या प्रचंड औषधीकोशात छिंगहाव आणि पिवळ्या फुलांचे हाव अशी दोन झाडे वेगळी दिली आणि थंडीतापावर छिंगहावचे नाव घेतले. आज आपल्याला माहीत आहे, की औषधी द्रव्य आहे ते आर्टेमिसिया ॲन्युआ या झाडात. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या झाडात ते नाही. त्याच्या पानांतही ते थोडेच असते, जात आणि तोडणीची वेळ यांप्रमाणे कमी-जास्त होते.

दुसरे कारण म्हणजे काढा. पुढच्या काळात चिनी वैद्य बहुतेक औषधे उकळून देऊ लागले. हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यामुळे पानांचा काढा आणि ताज्या झाडाचा पिळून काढलेला रस यांत फरक पडतो. अलीकडे संशोधकांनी जुन्या पद्धतीने रस काढून तपासला. ताजे झाड कुटून पिळलेल्या रसात वाळक्या पानांच्या चहापेक्षा कितीतरी पट जास्त द्रव्य उतरले आणि उंदरांमधल्या हिवतापावर तो चाललाही.

१९६७ मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, चीन सरकारने हिवतापावर नवे औषध शोधण्याची गुप्त मोहीम सुरू केली. २३ मे रोजी बैठक झाली म्हणून तिला ५२३ हे नाव पडले. जंगलात लढणाऱ्या सैनिकांना हिवतापाने हैराण केले होते आणि क्लोरोक्विनला जंतू दाद देत नव्हते. १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक वैद्यक संस्थेतल्या तू यूयू यांच्याकडे वनस्पतींचे काम आले. त्यांच्या गटाने दोन हजारांहून अधिक जुने पाठ जमवले, त्यांतून सुमारे ६४० निवडले आणि दोनशेच्या वर वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले. छिंगहावच्या अर्काने एकदा जंतूंची वाढ ६८ टक्के रोखली. पुन्हा केल्यावर हा आकडा १२ ते ४० टक्क्यांवर घसरला. तेव्हा त्यांनी गे होंगचे पुस्तक पुन्हा उघडले. त्यात विस्तव नाही, हे लक्षात आल्यावर उष्णतेने द्रव्य नष्ट होत असावे असा त्यांना संशय आला. मग पाणी किंवा अल्कोहोल उकळण्याऐवजी त्यांनी ३५ अंशांना उकळणारे ईथर वापरले आणि अर्कातला आम्लधर्मी, विषारी भाग काढून टाकला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांवर शंभर टक्के प्रभावी ठरला. नंतर माकडांवरही.

१९७२ मध्ये तू यूयू आणि सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेतला. मग हायनान बेटावर २१ रुग्णांना दिला. ताप उतरला आणि रक्तातले जंतू नाहीसे झाले. त्याच वर्षी शुद्ध स्फटिक मिळाले. युनान आणि शानतुंग प्रांतांतल्या गटांनीही ते स्वतंत्रपणे वेगळे केले. हे आर्टेमिसिनिन. त्याच्या रेणूत प्राणवायूच्या दोन अणूंचा एक पूल असतो. हिवतापाचा जंतू आपल्या लाल पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो, त्यातले लोह मोकळे होते आणि ते लोह या पुलाशी भिडले की पूल तुटून विध्वंसक कण तयार होतात. जंतू स्वतःच्या जेवणामुळे मरतो.

पुरावा म्हणजे काय

सोळाशे वर्षांत जे झाले नव्हते ते यानंतर झाले, ते म्हणजे तुलना. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमार या देशांतल्या १,४६१ गंभीर रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागले गेले. एका गटाला क्विनीन, दुसऱ्याला आर्टेमिसिनिनपासून बनवलेले आर्टेसुनेट शिरेतून. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. क्विनीनच्या गटात २२ टक्के रुग्ण दगावले, आर्टेसुनेटच्या गटात १५ टक्के. २०१० मध्ये आफ्रिकेतल्या ५,४२५ मुलांवरच्या चाचणीत हेच प्रमाण १०.९ आणि ८.५ टक्के आले. क्विनीन हेही शतकानुशतके जीव वाचवणारे, तेही एका झाडाच्या सालीतले. तरीही तुलनेत दुसरे सरस ठरले. म्हणून आज गंभीर हिवतापाचा रुग्ण आला की आम्ही आर्टेसुनेट देतो.

हीच कसोटी झाडाच्या चहालाही लावली गेली आणि तिथे उत्तर वेगळे आले. एक लिटर चहातून मिळणारे आर्टेमिसिनिन रोजच्या आवश्यक मात्रेच्या पाचव्या हिश्श्याइतके भरले. काँगोमध्ये झालेल्या चाचणीत सात दिवसांनी चहा घेणाऱ्यांपैकी सरासरी ७४ टक्के आणि क्विनीन घेणाऱ्यांपैकी ९१ टक्के बरे झाले. पण चहावाल्यांतल्या अनेकांच्या रक्तात पुढच्या दिवसांत जंतू परत आले. ताप उतरणे आणि आजार बरा होणे यांतला फरक इथे दिसतो. जागतिक आरोग्य संघटना हिवतापासाठी या झाडाच्या चहाची किंवा पानांच्या चूर्णाची शिफारस करत नाही, ते याच कारणाने.

अपुऱ्या मात्रेचा दुसरा धोका सगळ्या समाजाला आहे. थोड्या औषधातून वाचलेले जंतू पुढे त्या औषधाला जुमानत नाहीत. पश्चिम कंबोडियात २००८ नंतर असे जंतू दिसू लागले. म्हणून आर्टेमिसिनिन एकटे देत नाहीत, दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. आपल्याकडेही एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्यांवर २००९ पासून बंदी आहे. जगात आजही वर्षाला सुमारे सहा लाख माणसे हिवतापाने मरतात. हे औषध हातचे गेले तर त्याच्या जागी ठेवण्यासारखे दुसरे तयार नाही.

पावसाळ्यात ताप घेऊन आलेले रुग्ण आम्हाला विचारतात, की गुळवेलीचा काढा किंवा पपईच्या पानांचा रस चालेल का. प्रश्न चुकीचा नाही. झाडांत औषध असते, हे तर या गोष्टीनेच सिद्ध होते. पण कोणत्या झाडात, कोणत्या भागात, किती मात्रेत, कोणत्या आजारावर, हे प्रत्येकाचे वेगळे सिद्ध करावे लागते. छिंगहावचे सिद्ध झाले म्हणून गुळवेलीचे होत नाही. एवढेच काय, त्याच प्रजातीतल्या आपल्या दवण्याचेही होत नाही. आणि हिवताप फाल्सिपेरम जातीचा असेल तर वाट पाहायला वेळ नसतो. दोन-तीन दिवसांत जंतू मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हे दरवर्षी दिसते. थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. ताप उतरला तरी गोळ्या संपेपर्यंत घ्याव्यात.

गे होंगला जंतू माहीत नव्हता, डास माहीत नव्हता. हिवताप डासांमुळे पसरतो याचा पहिला पुरावा रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत मिळाला तो १८९७ मध्ये. तरीही गे होंगने दोन गोष्टी बरोबर केल्या. जे ऐकले-पाहिले ते कृतीसह नेमके लिहून ठेवले, त्यामुळे सोळाशे वर्षांनी कोणाला तरी ते तपासता आले. आणि औषध गरिबाच्या हाती पोहोचले पाहिजे, ही अट त्याने सर्वांत वर ठेवली. तपासण्याचे काम त्याच्या काळात शक्य नव्हते. ते आपल्या काळात शक्य आहे, त्यामुळे न तपासलेले औषध रुग्णाला देण्याची सबब आता आपल्याकडे उरलेली नाही.